उलकानची इर्जिक

ज्या वर्षी आमच्या किर्गिझ मुलखातल्या नारिन नदीवरच्या जुन्या पुलाला नवे कठडे बसले, त्या वर्षीच्या शरदात उलकान गावी परतली. आज तिचे केस पांढरे झालेत, गुडघे कुरकुरतात, काल काय शिजवलं ते आठवत नाही. पण त्या चार दिवसांतलं काहीही विचारा. कोणी कुठल्या रंगाचा रुमाल बांधला होता, काहिलीखाली कुठलं लाकूड जळत होतं, सगळं सांगेल. सांगताना मात्र आधी एक नाव घेते. लिडियाचं.

लिडिया जर्मन. लढाईच्या वर्षांत तिच्या आईबापांना, शत्रूच्या रक्ताचे म्हणून, रशियातून आगगाडीच्या गुरांच्या डब्यांत भरून इकडे आणून सोडलं होतं, आणि तिची आई पुढे कित्येक वर्षं दर महिन्याला कमांडरापुढे हजेरी लावत होती. नंतर रस्ते मोकळे झाले तेव्हा तिचे तिन्ही भाऊ जर्मनीला निघून गेले. लिडिया गेली नाही. ती बायकांच्या तुरुंगात शिवणखात्याची मुकादम होती. बावीस वर्षं तिने कैदी बायकांना पोलिसांचे शर्ट शिवायला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर नारिन शहरात एका संस्थेच्या मदतीने सुटून आलेल्या बायकांसाठी घर काढलं. दारावरच्या पाटीवर त्याचं भलंमोठं सरकारी नाव होतं. ते कोणालाच पाठ नव्हतं. सगळे म्हणत, लिडियाचं घर.

तिथे सहा महिने राहता येई. लिडिया कागदपत्रं करून देई, दवाखान्यात नेई, दात नीट करून घ्यायला लावी. पण पहिला धडा दाराचा. तुरुंगातून आलेली बाई दारापाशी पोचली की थांबते. दार दुसऱ्याने उघडायचं, आणि तोवर हात मागे बांधून मुकाट उभं राहायचं, हे तिच्या हाडीमांसी भिनलेलं असतं. लिडिया सकाळी चहाच्या आधी प्रत्येकीकडून वीसवीसदा दार उघडून घेई.

“उघड. बाहेर जा. आत ये. पुन्हा उघड. अगं, दार आहे ते, अस्वल नव्हे!”

बायका हसत आणि उघडत. उलकान पण हसली. महिन्याभरात तिचा हात आपोआप कडीकडे जायला लागला, तेव्हा लिडिया म्हणाली, “झाली ही पास.” ते काही खरं नव्हतं, पण ते पुढे कळलं.

बाकीच्या बायका इथून राजधानीला, बिश्केकला जात, शिवणाच्या कारखान्यांत. तिथे कोणी कोणाला विचारत नाही. उलकानसाठीही तिथे एक मशीन धरून ठेवलेलं होतं, एक ऑक्टोबरपासून. पण तिने गावाचं नाव काढलं.

“तिथे तुला दारात कोण उभं करील?” लिडियाने विचारलं.

“कोणी नाही. पण सासूचं घर आहे तिथं. ती म्हणाली होती, घरातून धूर निघत राहू दे.”

सासू म्हणजे तुर्सुन. ती दर उन्हाळ्यात तीन गाड्या बदलून तुरुंगात भेटायला यायची, लोकरीचे मोजे आणि वाळवलेल्या ताकाचे खारट गोळे घेऊन. पोटचा मुलगा पळून गेला, पण ही सुनेकडे येत राहिली. शेवटच्या हिवाळ्यात ती गेली, तेव्हा उलकान गजांआड होती. तिला माती देता आली नाही.

उलकानने काय केलं होतं, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिचा नवरा गावाचा मेंढपाळ. वसंतात गाव आपापल्या मेंढ्या त्याच्या हवाली करी, आणि तो त्या वरच्या कुरणांवर नेई. वर एखादी मेंढी लांडग्याने खाल्ली, तर मेंढपाळाने तिचे कान आणून मालकाला दाखवायचे. प्रत्येक घराची कानावरची खाच वेगळी असते. कुठे अर्धचंद्र, कुठे दोन काप, कुठे भोक. कान दाखवला की मालक गप्प बसतो, मेंढपाळाचा दोष नाही असं मानतो. हा विश्वास बापजाद्यांपासूनचा. त्या वर्षी नवऱ्याने अर्ध्या गावच्या मेंढ्या एका दलालाला विकल्या, आणि विकायच्या आधी जिवंत मेंढ्यांचे कान कापून घेतले. उलकान ते कान पिशवीत घालून खाली आली, घरोघर गेली, आणि रडत रडत एकेकाच्या पुढ्यात ठेवले.

सगळ्यांनी विश्वास ठेवला. फक्त कालिपा म्हातारीने कान हातात घेऊन उन्हात धरला. ती विधवा, तिच्या सातच्या सात मेंढ्या गेल्या होत्या. ती म्हणाली, “मेलेल्या मेंढीच्या कानातून असं रक्त येत नाही.” नवरा त्याच रात्री सरहद्दीपार पळाला. उलकान सापडली. पाच वर्षं.

तर लिडियाने संस्थेशी भांडून एक गोष्ट मंजूर करून घेतली. बुरणूस करायचा कारखाना एखाद्या गावात काढायचाच आहे ना, मग तो उलकानच्या गावात काढा. संस्थेच्या लोकांनी अट घातली. गावच्या बायका तिच्याबरोबर काम करतात का, ते आधी दाखवा. अट रास्त होती. बुरणूस, लोकर रगडून केलेली ती जाड बैठक, काही एकटीने होत नाही. लोकर पिंजायला चारजणी लागतात, बोरूच्या चटईवर थर घालायला चारजणी, मग गरम पाणी शिंपडून चटई गुंडाळली की ती ओढायला, लाथाडायला, आणि शेवटी कोपरांखाली रगडायला दहाबारा जणी. म्हणून तर इर्जिक घालतात. बोलावलं की यायचं, राबायचं, जेवायचं, आणि उद्या तिने बोलावलं की आपण जायचं. बोलावणं आलेल्या घराने नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. आणि बोलावल्याशिवाय जायचीही नाही.

मंगळवारी दोघी गावात आल्या. लोकरीची पोती, शेकड्याने बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगलेले तुकडे, तळता येतील इतकं पीठ, मटण, चहा, सगळं लिडियाने नारिनहून आणलं होतं. घर थंडगार पडलं होतं, पण छप्पर शाबूत. बुधवारी सकाळी लिडिया म्हणाली, “जा. शुक्रवारचं बोलावून ये. मी येणार नाही. मी आले तर त्या मला हो म्हणतील, तुला नाही.”

उलकान गेली. अकरा घरं होती, ज्यांच्या बायका बुरणुसाचं काम जाणत. ती एकेका फाटकापाशी गेली. कुत्री भुंकली. खिडक्यांचे पडदे हलले. ती उभी राहिली. कुठे पाच मिनिटं, कुठे दहा. कालिपाच्या फाटकापाशी सगळ्यांत जास्त. कोणी बाहेर आलं नाही. मग ती मान खाली घालून पुढच्या घराकडे गेली.

“काय म्हणाल्या?” संध्याकाळी लिडियाने विचारलं.

“काही नाही.”

“एकीनेही काही नाही?”

“नाही.”

लिडियाने पिठाचं पोतं आत ओढून घेतलं. नंतर म्हणाली, “शुक्रवार ठरला आहे ना? शुक्रवारी काहील चढवायची. पुढचं पुढे.”

शुक्रवारी सूर्य डोंगरावर आला तेव्हा अंगणात काहिलीतलं पाणी खळखळत होतं, चटई पसरलेली होती, टेबलावर बोरसोकचा ढीग होता, आणि माणसं दोन. लिडियाने दोन काठ्या उचलल्या, एक उलकानला दिली, आणि लोकर झोडायला बसली. तिला ते काम येत नव्हतं. काठी लोकरीत अडके, आणि ती जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटे. उलकानला वाटलं, ही सहासष्ट वर्षांची बाई माझ्यासाठी इतक्या दूर येऊन धूळ खाते आहे. तिने काठी खाली ठेवली, आणि मानाने, बापाचं नाव जोडून म्हणाली:

“राहू द्या, लिडिया गेन्रिखोव्ना. मी बिश्केकला जाते. मशीन बरंय.”

“आधी हे पोतं संपव.”

एवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून लाल रुमाल वर आला. शेजारची आयिमकान. तिचा आवाज असा की नदीपलीकडचा घोडाही कान टवकारेल.

“काय गं, दोघीच? लग्न आहे की मयत आहे, काही कळू तरी दे!”

“बुरणूस आहे, आयिमकान आपा,” उलकान म्हणाली.

“ते दिसतंय मला. इर्जिक आहे का, ते विचारते.”

“आहे. पण कोणी आलं नाही.”

“बोलावलंस कुणाला?”

“सगळ्यांना. तुमच्याकडेही आले होते.”

आयिमकान भिंतीवर कोपरं टेकून अशी उंच झाली, की खाली बादली उपडी घालून चढली असावी. “माझ्याकडे? माझ्याकडे तू फाटकाशी खांबासारखी उभी होतीस! मी पडद्याआडून बघत होते. म्हटलं, आता हाक मारील, मग मारील. तोंडात मीठ धरलं होतंस का? माझा म्हातारा म्हणाला, शाप द्यायला आली असेल. अगं, हाक मारल्याशिवाय आम्ही यायचं कसं? उद्या म्हणशील, जेवायला टपल्या होत्या!”

“मला वाटलं,” उलकान अडखळली, “कोणी दार उघडेल, मग सांगायचं.”

लिडियाने काठी आपटली. “देवा!” ती किर्गिझमध्येच म्हणाली, अगदी गावरान. “वीसदा! रोज सकाळी वीसदा दार उघडून घेतलं हिच्याकडून! पण हाक मारायला शिकवलं नाही. माझंच चुकलं. माझंच!” आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. आयिमकानला काही कळलं नाही, पण ती पण हसायला लागली, कारण हसणारं माणूस एकटं सोडायची तिला सवय नव्हती.

मग तिचा चेहरा बदलला. “हे बघ सूनबाई. माझं घर आलंच. बाकी नऊ घरांना मी इथूनच हाका मारते. माझं नरडं कशाला दिलंय देवाने? पण अकरावं घर तुझं तू. कालिपाला मी बोलावणार नाही. तिला बोलावणं तुझ्या तोंडून गेलं पाहिजे.”

उलकान उठली. वाट दोनशे पावलांची, पण तिला वाटलं, कुरणांवरची चढण चढते आहे. फाटकापाशी पोचली तसे हात आपोआप मागे गेले. तिने ते पुढे घेतले. फाटकाची वरची फळी धरली.

“कालिपा आपा!”

आत काही हललं नाही.

“कालिपा आपा! मी उलकान. तुर्सुनची सून. आज माझ्याकडे इर्जिक आहे. या.”

मग आतून आवाज आला. “ऐकलं. गाव काही बहिरं नाही.”

एवढंच. दार उघडलं नाही.

ती परतली तेव्हा अंगणात बायका जमायला लागल्या होत्या. आल्या, पण मोकळेपणाने नाही. कोणी चहा घेतला, कोणी म्हणाली नको, पिऊन आले. काठ्या घेऊन बसल्या, आणि आपसांतच बोलू लागल्या, बटाट्याचं पीक, कुणाच्या सुनेचं बाळंतपण. उलकान पाणी घालायला गेली की जागा करून देत, पण तिच्याकडे बघत नसत. लिडियाच्या काठीला मात्र सगळ्या हसल्या.

“ओ जर्मन आपा, लोकर आहे ती, चोर नाही! हळू मारा!”

“शिकवा मग,” लिडिया म्हणाली. “बसून हसता काय?”

दुपारच्या सुमाराला कालिपा आली. काठी टेकत, पांढरा रुमाल घट्ट बांधून. कोणाशी न बोलता लाकडाच्या ओंडक्यावर बसली. बायकांचं बोलणं थांबलं. मास्तरांची बायको शाकेन, जिची जीभ सुरीला धार लावायला वापरावी अशी, तिला ती शांतता सोसली नाही. की कालिपाला बघून जोर आला, कोण जाणे. ती म्हणाली, “आपापले कान सांभाळा गं बायांनो. उलकान आली आहे गावात!”

एकही काठी हलेना. कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

उलकान काहिलीपाशी उभी होती, हातात वाफाळती बादली. तिने ती खाली ठेवली.

“मेंढ्या मी धरल्या होत्या,” ती म्हणाली. “कापले त्याने, पण धरल्या मी. कोर्टात मी म्हटलं की मला काही ठाऊक नव्हतं. ते खोटं होतं. कालिपा आपांच्या मेंढीच्या कानाला अर्धचंद्र. शाकेन, तुमच्या मेंढीला दोन काप. आयिमकान आपा, तुमची भोकवाली. मला सगळे पाठ आहेत. पाच वर्षं रोज रात्री म्हणत होते.”

वारा आला आणि पिंजलेली लोकर अंगणभर उडाली. कोणी धरली नाही. सगळ्या कालिपाकडे बघत होत्या.

कालिपाने पायाशी आलेला लोकरीचा पुंजका उचलला. बोटांत ताणला. नाकापाशी नेला. मग म्हणाली, “ही वसंतात कातरलेली लोकर आहे. कोणी आणली?”

“मी,” लिडिया म्हणाली. “बाजारातून.”

“वाटलंच. वसंतातल्या लोकरीचा बुरणूस होत नाही, बाई. धागा धाग्याला धरत नाही. चटई उघडाल आणि हातात तुकडे येतील. इतक्या जणी बसल्या आहात, एकीनेही बघितलं नाही? लोकर बघायला आलात की तमाशा बघायला?”

ती उठली, आणि आली तशीच काठी टेकत निघून गेली. शाकेन खाली बघत होती. आयिमकान उडालेली लोकर गोळा करायला लागली. उलकानला वाटलं, संपलं. लिडियाने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि काढला नाही.

अर्ध्या तासाने गाढवाच्या खुरांचा आवाज आला. कालिपा गाढवाला पुढे घालून येत होती, आणि त्याच्या पाठीवर दोन भरलेली पोती होती.

“बघत काय बसलात? उतरवा,” ती म्हणाली. “परवाच कातरली आहे, या वर्षीच्या कोकरांची. खाली बाजारातली घाला, वर ही. थर पातळ घाला. आणि ही शाकेन थर घालायला नको, तिचा हात तोंडासारखा सैल आहे.”

सगळ्या जणी एकदम हसल्या, शाकेनसुद्धा. आणि हसल्यावर जे होतं तेच झालं. हात चालायला लागले.

उलकानने पोत्याचं तोंड सोडलं. आत मऊ, तेलकट, गवताच्या वासाची लोकर होती. कालिपाने सात मेंढ्या गेल्यावर एका उसन्या मेंढीपासून पुन्हा कळप उभा केला होता, त्याच कळपाची. उलकानने त्यात हात घातला आणि कोपरापर्यंत आत ठेवला. तिला बाहेर काढवेना.

“काय गं, मोजतेस?” कालिपा म्हणाली.

“नाही आपा. ऊबदार आहे.”

“मग लोकर कशी असणार?”

थर पडले. पाणी शिंपडलं. वाफ उठली आणि सगळ्यांचे चेहरे लाल झाले. चटई गुंडाळून दोरी बांधली, आणि आयिमकानच्या आरोळीवर दहा पाय एकदम पडायला लागले. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून परत अंगणात. रस्त्याने चाललेले पुरुष थांबून टिंगल करायला लागले तसं त्यांनाही दोरी ओढायला लावलं. मग चटई उघडली, आणि ओल्या बुरणुसाला रगडायला सगळ्या गुडघ्यांवर बसल्या, खांद्याला खांदा लावून. उलकानच्या एका बाजूला शाकेन होती, दुसऱ्या बाजूला लिडिया. हात एकाच तालात पुढेमागे होत होते. ताल चुकला की शेजारीण धक्का देते. शाकेनने तिला दोनदा धक्का दिला. तिसऱ्यांदा म्हणाली, “मी उगीच बोलले.”

“नाही,” उलकान म्हणाली. “खरं तेच बोललात.”

“खरं सगळंच बोलायचं नसतं. पुढे हो, ताल चुकवतेस.”

उलकानला आजही कोणी विचारलं, की तुरुंगातून तू नेमकी कधी सुटलीस, तर ती कागदावरची तारीख सांगत नाही. सांगते, त्या दुपारी, दोघींच्या मध्ये, ओल्या लोकरीवर. हल्ली बाजारात चिनी गालिचे मिळतात, चकचकीत, आणि पोरी म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, आपा? ती बुरणुसावर जरा सरकून त्यांना बसायला जागा करून देते.

ऊन कललं तेव्हा बुरणूस झाला. करड्या रंगाचा, दाट, दोघींनी टोकं धरून ताणला तरी कुठे सुटला नाही. काम झालं की जमलेल्यांतल्या सगळ्यांत वयस्क माणसाने दुवा द्यायची. वयस्क कालिपाच होती. सगळ्या तिच्याकडे वळल्या आणि तळवे उघडले. लिडियानेही उघडले.

कालिपाने वेळ घेतला. एवढा, की उलकानने मान वर करून तिच्याकडे बघितलं.

“यावर बसणाऱ्यांची पाठ सुखी राहो,” ती शेवटी म्हणाली. “हे करणाऱ्यांचे हात धड राहोत. तुर्सुनच्या घरातून धूर निघो. आमीन.”

“आमीन,” सगळ्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरून हात फिरवले.

मग जेवणं झाली, मटणाचा रस्सा, बोरसोक, आणि कितीतरी वेळा चहा. लिडियाला शाकेनने हाताला धरून दंड चोळून दिले, आणि आयिमकानने तिच्या सातही पिढ्यांची चौकशी केली. बायका एकेक करून निघाल्या. प्रत्येकीच्या रुमालात उलकानने घरी न्यायला बोरसोक बांधून दिले. रीतच आहे.

कालिपा शेवटी उठली. उलकान तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. तिला खूप काही म्हणायचं होतं. पाच वर्षं जुळवून ठेवलेलं होतं.

“आपा, मी...”

“सोमवारी माझ्याकडे काम आहे,” कालिपा गाढवाचा दोर सोडत म्हणाली. “नातीच्या लग्नासाठी दोन बुरणूस करायचे आहेत. उजाडताच ये. त्या जर्मन बाईलाही थांबवून घे, दंड बरे आहेत तिचे.”

उलकानने मान हलवली. “काय आणू, आपा?”

“काय आणणार तू?” कालिपाने तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “जेवून येऊ नकोस, म्हणजे झालं. मी रस्सा करणार आहे.”

ती गेली. उलकान फाटकाशी उभी राहिली, म्हातारी आणि गाढव वळणापलीकडे जाईपर्यंत. मग आत आली, तेव्हा लिडिया पायऱ्यांवर बसून बिश्केकच्या कारखान्याला चिठ्ठी लिहीत होती. मशीन दुसऱ्या बाईला द्या म्हणून.